‘बाकीच्यांना चालत नाही’ : एका वाक्याचा इतिहास

१९७८ साली आयटीआय पास होऊन मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात शिकाऊ फिटर म्हणून लागलो. आमच्या शॉपच्या कोपऱ्यात तिवईवर पाण्याचा माठ असे. माठावर ताटली, ताटलीवर पेला आणि बाजूच्या खिळ्याला लांब दांड्याचे ओगराळे टांगलेले. पहिले दोन आठवडे मी घरून बाटली आणत होतो. तिसऱ्या आठवड्यात बाटली संपली म्हणून मी ओगराळे माठात घातले. कोणी काही बोलले नाही. सुट्टीच्या भोंग्यानंतर फोरमनने मला बाजूला घेतले. माणूस सज्जन होता. काम शिकवताना त्याने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. तो हलक्या आवाजात म्हणाला, “हे बघ, माझं काही नाही. मी जातपात मानत नाही. पण बाकीच्यांना चालत नाही. तू आपला बाहेरच्या नळावर पी.”

अपमान झाला हे तर खरेच. पण त्या वयातही मला एका गोष्टीचे कुतूहल वाटत राहिले. हे ‘बाकीचे’ म्हणजे नेमके कोण? आमच्या शॉपमध्ये माझ्याखेरीज अकरा माणसे होती. पुढच्या दोन वर्षांत बसमध्ये, चहाच्या टपरीवर, रात्रपाळीच्या जेवणात मी त्यांतल्या नऊ जणांना एकेकटे गाठून हा विषय काढला. एकाने सरळ सांगितले की त्याला चालत नाही. एक जण गप्प राहिला. उरलेल्या सात जणांनी जवळजवळ त्याच शब्दांत तेच वाक्य मला परत दिले : “माझं काही नाही रे, पण बाकीच्यांना...” म्हणजे ज्या सात जणांचे काही नव्हते, तेच एकमेकांचे ‘बाकीचे’ होते.

पुढे रात्रीच्या कॉलेजात शिकून मी मानसशास्त्राचा शिक्षक झालो. वर्गात समाजमानसशास्त्र शिकवताना पाश्चात्त्य कारखान्यांतील प्रयोग फळ्यावर मांडले, परीक्षेला विचारले. पण तो माठ माझ्या डोक्यातून गेला नाही. संघटनेत, कचेरीत, कारखान्यात माणसे एकमेकांशी तशी का वागतात, याचे शास्त्र आपल्या उपयोगाचे करायचे असेल तर त्या माठापासून सुरुवात केली पाहिजे, असे मला वाटते. म्हणून हा एका वाक्याचा इतिहास.

या वाक्याचा पुण्यातला एक जुना दाखला आपल्या सर्वांना पाठ आहे. १८४८ मध्ये जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. १८४९ मध्ये गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर जायला सांगितले. गोविंदराव दुष्ट होते असे कोणी म्हणत नाही. मुलाला त्यांनीच शिकवले होते. शेजारपाजार आणि जातभाई यांचा दाब त्यांना पेलला नाही. ‘लोक काय म्हणतील’ हे ‘बाकीच्यांना चालत नाही’ याचेच घरगुती रूप आहे. त्या वेळी गंज पेठेत उस्मान शेख यांनी या जोडप्याला आसरा दिला. पुढे १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. एका घरात ‘बाकीच्यां’च्या नावाने दार बंद झाले. दुसऱ्या घरात घरधन्याने बाकीच्यांना विचारलेच नाही, आणि पाणी खुले झाले. मला जे पुढे सांगायचे आहे त्याचे बीज या फरकात आहे.

घरातून हे वाक्य संस्थेत गेले की त्याला शिक्का आणि सही मिळते. महार सैनिक मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या लढले. १८९२-९३ च्या सुमारास त्यांची भरती थांबली. ‘लढाऊ जाती’ कोणत्या आणि कोणत्या नाहीत, असा एक सिद्धान्त तेव्हा लष्कराच्या वरच्या वर्तुळात मान्यता पावला होता. त्याच्या जोडीला व्यवहारी कारण होतेच : वरच्या जातींच्या शिपायांना महारांबरोबर राहणे, महार सुभेदाराचा हुकूम ऐकणे चालत नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज लिहिला. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ काढले, सभा घेतल्या आणि १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे लष्कर-पोलिसातील नोकऱ्यांसाठी अर्ज केला. पण दार उघडले ते महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली, आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुन्हा महायुद्ध आले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.

आता विचारले पाहिजे की १८९३ मध्ये ज्यांना चालत नव्हते, त्यांना १९१७ मध्ये कसे चालले? त्या चोवीस वर्षांत हिंदू समाजाचे मतपरिवर्तन झाले होते काय? तसे काही झालेले नव्हते. बदलली होती ती वरच्या अधिकाऱ्यांची गरज. म्हणजे ‘बाकीच्यांची हरकत’ ही डोंगरासारखी अचल वस्तू नसते. संस्थेला हवे तेव्हा ती आडवी येते आणि संस्थेला नको तेव्हा बाजूला होते.

१९१७ हेच साल बाबासाहेबांच्या बडोद्याच्या नोकरीचेही आहे. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकलेला हा अधिकारी खुद्द सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झाला. कचेरीतले शिपाई मात्र त्याच्या टेबलावर दुरून फायली टाकत, आणि पिण्याचे पाणी त्याला मिळत नसे. हे आपण अनेकदा सांगतो. पण राहण्याच्या जागेसाठी त्यांनी ज्या दोन मित्रांना विचारले त्यांची उत्तरे आपण पुरेशा बारकाईने वाचत नाही. बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे की हिंदू मित्राने आपले नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली, तर ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले. दोघेही शिकलेले आणि दोघेही मित्र. दोघांपैकी एकानेही ‘मला चालत नाही’ असे म्हटले नाही. एकाने नोकरांना पुढे केले, दुसऱ्याने बायकोला. पारशी धर्मशाळेत लाठ्या घेऊन आलेल्यांनी निदान आपला द्वेष आपल्या तोंडाने बोलून दाखवला. बाबासाहेब रस्त्यावर आले ते मात्र लाठ्या आणि सभ्य नकार या दोहोंमुळे.

मुंबईच्या गिरण्यांत हेच वाक्य पगाराच्या चिठ्ठीवर उतरले. सूतकताईच्या खात्यात अस्पृश्य कामगारांना जागा होती. साचेखाते, म्हणजे विणकामाचे खाते, त्यांना बंद होते आणि जास्त पगार तिथेच होता. कारण सांगितले जाई ते असे : धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागते. धोट्याला उष्टे तोंड लागते, मग बाकीच्या विणकरांना कसे चालणार? १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि साचेखाते खुले करण्याच्या मागणीचा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीनेच घेतली. भांडवलदाराशी लढणाऱ्या संघटनेलाही आपल्या ‘बाकीच्यां’ची भीती होती. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. गँगमन म्हणून लागलेला माणूस गँगमन म्हणूनच निवृत्त का होतो, हे बाबासाहेबांनी तेथे उलगडून दाखवले. साधी हमालाची जागाही त्याला मिळत नसे, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरातली कामे करावी लागत आणि घरात त्याचा स्पर्श चालत नसे. कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतले. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व जातींत शिरलेली आहे, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. आजच्या मानसशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ते एका मनोवृत्तीचे निदान होते.

आता पाश्चात्त्य शास्त्राकडे वळू. याच काळात, १९२४ ते १९३२ दरम्यान, अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रसिद्ध प्रयोग चालले होते. उजेड वाढवला, विश्रांती दिली, तर उत्पादन किती वाढते, असा त्यांचा आरंभ. शेवटी एका खोलीत चौदा कामगारांचे निरीक्षण केले तेव्हा दिसले ते वेगळेच. दिवसाला किती काम करायचे हे त्यांच्या गटाने आपसात ठरवले होते. जास्त करणाऱ्याच्या दंडावर सोबती ठोसा मारीत. कामगार एकटा नसतो, गटात असतो, आणि गटाचे अलिखित नियम मालकाच्या लेखी नियमांना पुरून उरतात, हा शोध त्यातून पक्का झाला. व्यवस्थापनशास्त्राची पुढची सारी इमारत यावर उभी आहे.

पण तिकडचे संशोधक गृहीत धरत की गट कारखान्यात तयार होतो. आपल्याकडे गट फाटकातून तयार होऊनच आत येतो. रिचर्ड लॅम्बर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये पुण्यातल्याच पाच कारखान्यांची पाहणी केली. तिचा ग्रंथ १९६३ मध्ये आला. यंत्रापुढे उभा राहिला की माणूस आपोआप ‘आधुनिक’ होतो, जुने समाजबंध विरघळतात, ही तेव्हाची लाडकी समजूत या पाहणीने डळमळीत केली. कामगार नोकरीला जवळजवळ वतनासारखा धरून राहतो, असे त्याला दिसले. आमच्या शॉपमधल्या अकरा जणांपैकी सहा जण एकमेकांचे नातेवाईक किंवा गाववाले होते, हे आठवले की मला लॅम्बर्टचे म्हणणे निराळे समजावून घ्यावे लागत नाही.

अहमदाबादेत १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी कॅलिको मिलच्या साचेखात्यात प्रयोग केला. स्वयंचलित मागांवर कामगारांचे लहान लहान गट केले आणि कामाची वाटणी गटावरच सोपवली. गटात कोण असावे हे कामगारांनी आपसात ठरवले. उत्पादन वाढले, खराब माल कमी झाला. कामगाराला निर्णयात वाटा द्या, हा या प्रयोगाचा धडा जगभर शिकवला जातो, मीही तो शिकवला. धडा खोटा नाही. पण अहमदाबादच्या गिरण्यांतही दलित कामगार प्रामुख्याने सूतखात्यातच होते. ज्या खात्याच्या दारावरच शतकभराची चाळणी लावलेली आहे, तिथे ‘आपसात निवड करा’ म्हटल्याने आतल्यांना स्वातंत्र्य मिळते. बाहेरचा मात्र बाहेरच राहतो. गटाची लोकशाही ही आपोआप समता होत नाही, हे दलित कार्यकर्त्याने या प्रयोगातून शिकले पाहिजे.

मग हे शास्त्र टाकून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. याच शास्त्रात आमच्या माठाचे उत्तरही आहे. १९३१ मध्ये डॅनियल कॅट्झ आणि फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मतांची पाहणी केली. विद्यार्थ्यांच्या निवासी मंडळांत अल्पसंख्य गटातल्या मुलांना प्रवेश द्यावा का, या प्रश्नावर अनेकांचे उत्तर असे होते की त्यांची स्वतःची हरकत नाही, पण इतरांना आवडणार नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मनाबद्दल चुकीचा अंदाज करतो आणि त्या अंदाजाला घाबरून वागतो. सगळे मिळून असा नियम पाळतात, जो त्यांच्यातल्या बहुतेकांना मनातून नको असतो. आमच्या शॉपमधले सात जण मला वीस वर्षांनी त्या पुस्तकाच्या पानावर भेटले.

तीन वर्षांनी, १९३४ मध्ये, रिचर्ड लापिएर यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. एका चिनी जोडप्याबरोबर ते अमेरिकाभर हिंडले होते. अडीचशेच्या वर हॉटेले आणि खानावळी झाल्या, नकार फक्त एकदा मिळाला. नंतर त्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारले की चिनी गिऱ्हाईक चालेल का. उत्तर देणाऱ्यांपैकी दहातल्या नऊहून अधिकांनी नाही म्हणून कळवले. माणूस समोर उभा असताना दार उघडले आणि कागदावर विचारले तेव्हा मिटले. त्या जोडप्याबरोबर एक गोरा प्राध्यापक होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तरी एवढे खरे की ‘लोकांना चालेल का’ असे आधी विचारणे म्हणजे बहुधा ‘नाही’ हे उत्तर मागवणे होय.

१९५० मध्ये गेर्हार्ट सेंगर आणि एमिली गिल्बर्ट यांचा न्यूयॉर्कमधल्या मोठ्या दुकानांचा अभ्यास आला. काळे विक्रेते नेमले तर गिऱ्हाइके तुटतील, ही मालकांची सबब होती. अभ्यासात दिसले की पूर्वग्रह बोलून दाखवणारी गिऱ्हाइकेही काळ्या विक्रेत्याकडून खरेदी करीत होती. मालाची गरज आणि दुकानाची रीत या दोन गोष्टी त्यांच्या पूर्वग्रहावर भारी पडल्या.

१९५४ मध्ये फ्लॉइडचे धाकटे बंधू गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहावरचा आपला ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या गटांची माणसे नुसती एकत्र आणून द्वेष कमी होत नाही, त्याला अटी आहेत, असे त्यांनी मांडले : दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, काम परस्परांच्या मदतीने चालणारे हवे आणि संस्थेच्या अधिकाराचे स्पष्ट पाठबळ हवे. बडोदा या कसोटीवर घासून पाहा. महाराजांचे पाठबळ होते, पण ते राजवाड्यात होते. कचेरीत पाण्याजवळ कोणी अधिकारी उभा राहून ‘येथे हे चालणार नाही’ असे म्हणाला नाही. वरचा हुकूम माठापर्यंत पोचला नाही तर तो हुकूमच नव्हे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने पिण्याच्या पाण्याची जागा कामगारांना समजणाऱ्या भाषेत लिहून दाखवावी, ती मुतारी-संडासापासून सहा मीटरच्या आत नसावी, असे बारकाईने सांगितले. अडीचशेच्या वर कामगार असतील तर थंड पाणीही सांगितले. पण ओगराळे कोणाच्या हातात, हे कायद्याच्या त्या कलमात कसे येणार? अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा १९५५ चा कायदा होता. पण फोरमनने मला दिलेला तो प्रेमळ सल्ला कोणत्या पोलीस चौकीत नोंदवायचा?

आमच्या शॉपमधला प्रश्न मात्र एक दिवस सुटला. १९८१ च्या उन्हाळ्यात माठ फुटला आणि कंपनीने नळाचा कूलर बसवला. नळाला सगळ्यांचेच हात लागू लागले. एकानेही हरकत घेतली नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन वडिलांना सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “माठ फुटला म्हणून खूश होऊ नकोस. वाक्य फुटलं का ते बघ.” मला तेव्हा त्यांचे म्हणणे कळले नाही. १९८६ मध्ये चार्जहँडची जागा निघाली. अनुभवाने आणि परीक्षेने ती माझी होती. साहेबांनी बोलावून चहा दिला आणि म्हणाले, “तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण बाकीचे ऐकतील का तुमचं?” वाक्य माठातून निघून बढतीच्या फायलीत जाऊन बसले होते. पुढच्या वर्षी मी तो कारखाना सोडला.

ते वाक्य तिथेही थांबलेले नाही. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावा-आडनावाचा होता. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांतल्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती मांडल्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे सांगणारे हे अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारत. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत माठ नाही. तिथे विचारले जाते, ‘टीममध्ये फिट होईल का?’ टीम म्हणजे बाकीचेच.

पण पुण्याने दुसरीही एक वाट दाखवली आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्यांच्या कामातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या या स्त्रिया बहुतांशी दलित. सोसायटीच्या फाटकावर त्यांच्याकडे चोर म्हणून पाहिले जाई. संघटनेने त्यांना ओळखपत्र दिले आणि नव्वदच्या दशकातच महापालिकेने त्याला मान्यता दिली. २००८ पासून त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत त्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. ओळखपत्राने सोसायटीवाल्याचे मन पालटले असे मी म्हणणार नाही. जातीने वाटून दिलेले काम अजून त्याच हातांत आहे, दर्जाची समानता आलेली नाही. पण रखवालदाराला ‘बाकीच्यांना चालत नाही’ म्हणून त्यांना हाकलणे कठीण झाले, कारण आता त्यांच्या पाठीमागेही ‘बाकीचे’ होते : संघटना होती, पालिकेचा शिक्का होता. मन बदलण्याची वाट न पाहता रीत बदलली.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी या इतिहासातून काही गोष्टी व्यवहारात घ्याव्यात, असे मी सुचवतो. ‘बाकीच्यांना चालत नाही’ हे वाक्य ऐकले की शांतपणे विचारावे, ‘बाकीचे म्हणजे कोण? नावे सांगा, लेखी द्या.’ बहुतेक वेळा नाव निघत नाही. निघालेच तर लढाई उघड होते, आणि उघड लढाई आपल्याला नवी नाही. दुसरे, संघटनेने वा कचेरीने मने वळवण्याच्या शिबिरांआधी रीत बदलावी आणि ती बदलल्याचे अधिकाऱ्याने सर्वांसमोर एकदाच, स्पष्ट सांगावे. माणसे रीतीला सरावतात. तिसरे, माणसे कशी एकत्र आणता याला महत्त्व आहे. २०२१ मध्ये मॅट लो यांचा उत्तर प्रदेशातल्या क्रिकेट सामन्यांचा अभ्यास आला. एकाच संघात निरनिराळ्या जातींचे तरुण खेळले तेव्हा मैत्री वाढली. ते एकमेकांविरुद्ध खेळले तेव्हा तो परिणाम दिसला नाही. ज्या कामात एकाचा बोनस दुसऱ्याच्या नुकसानीतून येतो तिथे समतेची भिंतीपत्रके लावून काही होत नाही.

आणि चौथी गोष्ट सवर्ण मित्रांसाठी. ज्यांचे खरोखर ‘काही नसते’ त्यांनी ते मला कानात सांगू नये, सर्वांसमोर सांगावे. त्या शॉपमधल्या सात जणांपैकी एकाने जरी माठाजवळ उभे राहून “मला चालतं” असे मोठ्याने म्हटले असते, तर उरलेल्या सहांना कळले असते की ते एकटे नाहीत. आपला तो फोरमन सज्जन होता, हे मी वर लिहिले आहे आणि ते मागे घेत नाही. पण त्याच्या सज्जनपणाची किंमत मी दोन उन्हाळे बाहेरच्या नळावर उभा राहून दिली आहे.